विद्यापीठाच्या शेजारी राहताना

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण. स्मरणिकेसाठी ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



व्याख्यानाचं आमंत्रण देताना कमिटीनं मला एवढंच सांगितलं होतं, ‘मॅडम, इतिहासातलं काहीतरी बोला, पण फार जड नको.’ पेशवाईवर बोलेन अशी अपेक्षा असावी. पण पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका परवा दारातून आत सरकवली गेली. त्यातला नववा विषय असा आहे : ‘विद्यार्थी भाडेकरूंना सदनिका देण्यास मनाई करणेबाबत.’ तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीजवळ, गणपतीच्या मांडवाच्या मीटिंगमध्ये दुसरं काही कानावर पडत नाही. म्हणून पेशवाई बाजूला ठेवली. विद्यापीठ आणि त्याच्या शेजारची वस्ती यांचं भांडण हाच विषय घेतला. तोही इतिहासच आहे. आपली सोसायटी २५ वर्षांची आहे. हे भांडण ८०० वर्षांचं आहे.

पुण्याला आपण मोठ्या अभिमानानं पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणतो. म्हणताना डोळ्यांपुढे दगडी इमारती, हिरवळ, काळे झगे असं काहीतरी असतं. त्या मूळच्या ऑक्सफर्डमध्ये शहर आणि विद्यापीठ कसे नांदले, ते आधी सांगते.

सन १२०९. तिथल्या एका विद्यार्थ्याच्या हातून गावातल्या एका बाईचा जीव गेला. तो मुलगा पळून गेला. गावकरी त्याला शोधत त्याच्या भाड्याच्या घरी आले. तो सापडला नाही, पण त्याच घरात राहणारे दोन-तीन विद्यार्थी सापडले. गावानं त्यांनाच फासावर चढवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते त्याचे रूममेट. भीतीनं आणि संतापानं विद्वान मंडळी ऑक्सफर्ड सोडून निघाली, त्यातली काही केंब्रिज नावाच्या गावात जाऊन राहिली, आणि तिथून केंब्रिज विद्यापीठ सुरू झालं. इतक्या नामवंत विद्यापीठाची सुरुवात भाडेकरूंच्या भांडणातून झाली, हे आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा मुलं हसायची.

पाच वर्षांनी, १२१४ मध्ये, पोपच्या प्रतिनिधीनं निवाडा दिला. त्यातली कलमं ऐकण्यासारखी आहेत. विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं दहा वर्षांसाठी निम्मं करायचं. भाडं किती असावं ते पुढे गाव आणि विद्यापीठ दोघांच्या माणसांनी मिळून ठरवायचं. गावानं गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ५२ शिलिंग द्यायचे, आणि सेंट निकोलसच्या सणाला १०० गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालायचं. म्हणजे खून, फाशी, पळापळ एवढं सगळं झाल्यावर तह कशावर झाला? भाड्यावर आणि जेवणावर.

दुसरी हकीकत १३५५ सालची. १० फेब्रुवारीचा दिवस. काही विद्यार्थी गावातल्या एका गुत्त्यात बसले होते. वाइन चांगली नाही अशी त्यांनी तक्रार केली. मालक फटकळ निघाला. बाचाबाची झाली, आणि एकानं भांड्यातली वाइन त्याच्या तोंडावर फेकली, वर ते भांडंही त्याच्या डोक्यात घातलं. गावानं आपल्या चर्चची घंटा वाजवून माणसं गोळा केली, विद्यापीठानं आपल्या चर्चची घंटा वाजवली. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतूनही लोक हत्यारं घेऊन आले. दंगल थांबली तेव्हा साधारण ६३ विद्यार्थी-अध्यापक आणि ३० च्या आसपास गावकरी मेलेले होते. एका पेल्यावरून.

अर्थात पेल्यावरून नाहीच. दंगल पेल्यावरून होत नसते. विद्यार्थी हे धर्मसंस्थेचे मानले जात, त्यामुळे गावच्या न्यायालयाला त्यांना हात लावता येत नसे. गावच्या मुलानं खोडी काढली तर कोठडी, आणि झगा घातलेल्यानं काढली तर त्याची चौकशी त्याचंच विद्यापीठ करणार. सहा-सात वर्षांपूर्वीच प्लेग येऊन गेला होता, गाव खंगलं होतं. घरांची मालकी गावाची, पण भाडं किती घ्यायचं यात विद्यापीठाचा शब्द. हे सगळं साचत आलेलं होतं. राजानं निकाल विद्यापीठाच्या बाजूनं दिला. गावातल्या पावाचे आणि बिअरचे भाव, वजनं-मापं यांवर विद्यापीठाचा अधिकार आला. आणि शिक्षा म्हणून महापौरांनी गावच्या प्रतिष्ठितांना घेऊन दरवर्षी त्या तारखेला चर्चमध्ये यायचं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आणि माणशी एक पेनी असे ६३ पेन्स भरायचे. ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. त्या वर्षी महापौरांनी यायला साफ नकार दिला. ४७० वर्षं! आपल्याकडे पार्किंगच्या दंडाची पावती तीन महिन्यांत माफ होते. पुढे १९५५ मध्ये, दंगलीला ६०० वर्षं झाली तेव्हा, विद्यापीठानं महापौरांना मानद पदवी दिली, शहरानं कुलगुरूंना मानद नागरिकत्व दिलं, आणि प्रकरण मिटलं.

एक गंमत सांगून पुढे जाते. आपल्या पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची, आणि तारीख १० फेब्रुवारी. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

आता कुणी म्हणेल, हे साहेबाच्या देशातलं झालं, आपल्याकडे विद्या म्हणजे सरस्वती, विद्यार्थी म्हणजे देवाचा. खरं आहे, आणि अर्धंच खरं आहे. या शहरात वार लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे आठवड्याचे सात वार लावून कितीतरी मुलं शिकली. कुणी माधुकरी मागून शिकलं. आपल्यातल्या काहींच्या आजोबा-पणजोबांनी असे दिवस काढलेले असतील. शहरानं विद्यार्थी पोसले, यात शंका नाही.

पण कुणाचे? वार लावायला आडनाव लागायचं. ज्याचं आडनाव चालत नव्हतं त्याला ना वार मिळायचा, ना खोली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती याच कारणानं. खेड्यातून आलेला हुशार मुलगा शाळेत प्रवेश मिळवू शकत होता, पण शहरात त्याला राहायला जागा आणि जेवायला पान मिळत नव्हतं. १९०१ मध्ये पहिलं बोर्डिंग निघालं, मग एकामागून एक निघत गेली, आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. महाराष्ट्रातलं वसतिगृह ही संस्था शहरानं दार लावलं म्हणून जन्माला आली, एवढं लक्षात ठेवा. नवव्या विषयाकडे येताना ते उपयोगी पडेल.

आणि शेजाऱ्यांचा विषय निघाला आहे तर सावित्रीबाईंना कसं विसरायचं? १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकणारे कोण होते? परगावचे नव्हते. त्याच गल्लीत राहणारे, सज्जन, घरदार असलेले, ‘आमच्या वस्तीचं वातावरण बिघडेल’ म्हणणारे लोक होते. आज अख्ख्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अण्णासाहेब कर्व्यांचंही तसंच. विधवांसाठीची संस्था त्यांनी १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर नेली, कारण गावात तिचा निभाव लागणं कठीण होतं. स्वतः शिकवायला फर्ग्युसनमध्ये, आणि संस्था हिंगण्याला. हा माणूस रोज पायी ये-जा करायचा. आज त्या भागाला त्यांचंच नाव आहे. तिथल्या टू बीएचकेचा भाव विचारून बघा.

तर कधी संस्था दांडगी असते आणि वस्ती दुबळी, कधी उलटं. कोण कोणापेक्षा बलवान आहे, ते प्रत्येक वेळी नव्यानं तपासावं लागतं. या बाबतीत मला सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्कचं वाटतं, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेते.

कोलंबिया विद्यापीठ हे नाव आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, ते बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १९१३ ते १९१६ ते तिथे शिकले. हे विद्यापीठ एका उंचवट्यावर आहे. त्याच्या पूर्वेला सरळ तुटलेला कडा, कड्याच्या उतारावर मॉर्निंगसाइड पार्क नावाचं सार्वजनिक उद्यान, आणि खाली हार्लेम. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. वर विद्यापीठ, खाली वस्ती, मध्ये बाग. विद्यापीठाला व्यायामशाळा बांधायची होती आणि स्वतःच्या आवारात जागा अपुरी पडत होती. म्हणून त्यांनी त्या सार्वजनिक बागेतली दोन एकरांच्या आसपास जागा महापालिकेकडून वर्षाला ३,००० डॉलर भाड्यानं घेतली. विरोध होऊ नये म्हणून इमारतीचा एक छोटा भाग हार्लेमच्या लोकांना वापरायला द्यायचं ठरलं. कागदावर कुणालाही वाटेल, काय वाईट आहे?

नकाशा बघितल्यावर लोक खवळले. इमारत कड्याला टेकून होती. विद्यार्थ्यांचं दार वरच्या बाजूला, कॅम्पसकडून. हार्लेमच्या लोकांचं दार खाली, मागच्या बाजूनं. बाग लोकांची, आणि लोकांनाच मागचं दार! अमेरिकेत वंशभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. लोकांनी या व्यायामशाळेचं नाव ठेवलं ‘जिम क्रो’च, फक्त स्पेलिंग व्यायामशाळेचं. फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू झालं. एप्रिलमध्ये विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांनी पाच इमारती ताब्यात घेतल्या. व्हिएतनाम युद्धाचा विषय त्यात होता, आणि ही व्यायामशाळाही होती. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत घुसले, ७०० च्या आसपास मुलांना अटक झाली. पण व्यायामशाळेचं काम थांबलं ते कायमचं. बागेत खणलेला खड्डा बरीच वर्षं तसाच होता. पुढे त्याचं तळं केलं, वरून धबधबा सोडला. आज तिथे बदकं पोहतात.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे भांडण जागेचं होतं, पण ठिणगी पडली ती दारावरून. कोण कुठून आत येणार, यात मान-अपमान असतो, आणि मोठ्या संस्थांच्या वास्तुरचनाकारांना तो फार उशिरा कळतो. दुसरी अशी की या भांडणात विद्यार्थी विद्यापीठाच्या बाजूला नव्हते. ते शेजाऱ्यांबरोबर उभे राहिले. विद्यार्थी म्हणजेच विद्यापीठ, असं आपण धरून चालतो. तसं नसतं.

फिलाडेल्फियाचं थोडक्यात सांगते. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पश्चिमेला ‘ब्लॅक बॉटम’ नावाची वस्ती होती. १९६० च्या दशकात ‘नागरी पुनर्विकास’ या गोंडस नावाखाली ती उठवली गेली, सुमारे ५,००० माणसं बाहेर गेली. तीस वर्षांनी विद्यापीठाला शहाणपण सुचलं : रस्त्यावर दिवे लावले, कर्मचाऱ्यांना त्याच भागात घर घ्यायला मदत केली, आणि २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी एक उत्तम सरकारी शाळा उभी करायला हातभार लावला. सगळं चांगलंच. पण त्या शाळेच्या हद्दीतल्या घरांचे भाव असे चढले, की ज्यांच्यासाठी शाळा त्यांनाच तिथे राहणं परवडेना. वाईट करून वस्ती उठली, आणि चांगलं करूनही उठली! यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडेच असेल असं वाटत नाही.

करांचाही एक मुद्दा आहे. अमेरिकेत विद्यापीठांना मालमत्ता कर माफ असतो. म्हणजे रस्ते, दिवे, अग्निशमन दल सगळं वापरायचं, आणि बिल शेजाऱ्यांनी भरायचं. येल विद्यापीठ ज्या न्यू हेवन गावात आहे, ते गाव याच कारणानं कायम कुरकुरत असतं. २०२१ मध्ये येलनं सहा वर्षांत मिळून १३ कोटी ५० लाख डॉलर स्वखुशीनं द्यायचं कबूल केलं. ‘स्वखुशीनं’ म्हणजे वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. बॉस्टन शहराची पद्धत मला जास्त पटते. कर लागू असता तर जेवढा भरावा लागला असता, त्याच्या २५ टक्के रक्कम शहर मोठ्या संस्थांकडे मागतं, आणि त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम पैशाऐवजी सेवेच्या रूपात चालते. शेजारच्या मुलांना शिकवा, मैदान वापरू द्या, दवाखाना चालवा. हे निम्म्याचं कलम लक्षात असू द्या.

आता लांबचा प्रवास संपला. आपल्या गल्लीत येते.

आपल्या मागच्या टेकडीपलीकडे खासगी विद्यापीठ आलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला आपल्याला आनंदच झाला होता. झेरॉक्सचं दुकान आलं, बसची फेरी वाढली, फ्लॅटचे भाव वाढले. तेव्हा कुणी ठराव मांडला नव्हता! मग त्यांनी अभ्यासक्रम वाढवले, जागा वाढवल्या, वसतिगृह मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांपुरतंच ठेवलं. दुसऱ्या वर्षी मुलगा बाहेर पडला की कुठे जाणार? आपल्याकडे. आणि आपल्यापैकीच ज्यांचे फ्लॅट रिकामे होते, मुलं परदेशात, स्वतः दुसरीकडे, त्यांना एक हिशेब कळला. समजा, एक कुटुंब महिना २५,००० रुपये भाडं देतं. त्याच फ्लॅटमध्ये सहा कॉट टाकल्या आणि कॉटमागे ७,००० घेतले, तर ४२,००० होतात. कोणता मालक कुटुंब शोधत बसेल? इंग्लंडमध्ये लीड्ससारख्या शहरांत विद्यापीठाजवळच्या मोहल्ल्यांचं हेच झालं. कुटुंबं हळूहळू निघून गेली, शाळांत मुलं कमी झाली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्ल्या ओस पडू लागल्या. वर पूर्ण वेळ विद्यार्थ्यांना तिथे स्थानिक कर माफ. शेवटी तिथल्या काही नगरपालिकांनी एका घरात किती असंबंधित माणसं राहू शकतात, याला परवानगीची अट घातली. लक्षात घ्या, विद्यार्थी नकोत असं त्यांनी म्हटलं नाही. घरातली गर्दी मोजली.

आपल्या तक्रारी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. मी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, माझ्या डोक्यावर पाच मुलं राहतात. रात्री अडीच वाजता वाढदिवस असतो. गच्चीवर केक कापला जातो, तो तोंडाला फासला जातो, आणि सकाळी टाकीचं झाकण उघडं असतं. गल्लीत दुचाकी अशा लावलेल्या असतात, की मागच्या पावसाळ्यात ए विंगमधल्या आजोबांना न्यायला आलेली रुग्णवाहिका वळणावरच अडकली. स्ट्रेचर तिथपर्यंत हातांवर न्यावं लागलं. ते सुखरूप परत आले, आज समोर बसले आहेत, म्हणून सांगू शकते.

पण त्या दुचाकी गल्लीत का लागतात, हे कुणी शोधलं का? मी एके दिवशी मुलांनाच विचारलं. विद्यापीठाच्या आत पार्किंगला पैसे पडतात. आणि दोन वर्षांपूर्वी विद्यापीठानं आपल्या गल्लीत मागचं गेट उघडलं. पुढचं गेट हमरस्त्यावर आहे, छान कारंजं आहे, ते पाहुण्यांसाठी. विद्यार्थ्यांनी मागून यायचं. म्हणून बाहेर फुकट गाडी लावून मुलं मागच्या गेटनं आत जातात. गेट उघडताना आपल्याला कुणी एका ओळीचं पत्र दिलं नाही. आपणही विचारलं नाही. कोलंबियाच्या त्या खालच्या दाराची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

म्हणजे जागा वाढवल्या विद्यापीठानं, कॉटमागे पैसे घेतले फ्लॅटमालकांनी, गेट उघडलं विद्यापीठानं, आणि मनाई करायची कुणाला? एकोणीस वर्षांच्या मुलाला, जो यात सगळ्यात कमी ताकदीचा आहे. १२०९ सालच्या ऑक्सफर्डकरांनीही जो हाताशी सापडला त्यालाच धरलं होतं.

आमच्या मजल्यावर जालन्याकडच्या दोन मुली राहतात. फार्मसी शिकतात. त्यातली एक मला म्हणाली, ‘आजी, आम्ही भाडं भरतो, वॉचमन आमच्याकडून रजिस्टरवर सह्या घेतो, बाकी कुणाकडून घेत नाही. नोटीस बोर्डावर आमच्यासाठी फक्त सूचना असतात, गणपतीचं आमंत्रण कधीच नसतं.’ आणि घर शोधताना एजंटानं सगळ्यात आधी काय विचारलं? पगारपत्रक नाही, कॉलेजचं ओळखपत्र नाही. आडनाव. १९०१ ला सव्वाशे वर्षं होत आली.

थोडं कायद्याचं, कारण वकीलसाहेब पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते. पूर्वपरवानगी घ्यायची नसते. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ तसं सांगतं, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. तेव्हा सरसकट मनाईचा ठराव आपण हात वर करून मंजूर केला, तरी तो उपनिबंधकांकडे किंवा कोर्टात कितपत टिकेल याचा विचार करा. सोसायटीचा पैसा वकिलांच्या फीमध्ये जाईल. वकीलसाहेबांनी मनावर घेऊ नये.

याउलट एक गोष्ट आपल्या हातात आहे. करार झालेल्या नावांपलीकडे फ्लॅटमध्ये कुणी राहत असेल, तर त्याचा जाब मालकाला विचारायचा. मुलांना नाही, मालकाला. त्यातले काही मालक आज इथे आहेत, त्यांना हे आवडणार नाही. पण टाकीचं पाणी सहा माणसांचं वापरायचं आणि मेंटेनन्स चारांचा भरायचा, हे फार दिवस चालणार नाही. एका फ्लॅटमध्ये किती जण, कोण कोण, पोलिसांकडे माहिती दिली का, एवढी नोंद नीट ठेवली तरी निम्मी गर्दी आपोआप कमी होईल, कारण सहा कॉटवाल्यांपैकी कितीजण सहाही नावांचा करार करतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि दुसरं काम विद्यापीठाशी बोलण्याचं. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीनं महापालिकेला पत्रं लिहिली, वीज कंपनीला लिहिली, बिल्डरला तर किती लिहिली याची फाइल सेक्रेटरींच्या कपाटात मावत नाही. कन्व्हेयन्स मिळवायला आपण अकरा वर्षं झगडलो. विद्यापीठाला एकही पत्र नाही. का, तर ते मोठे, आपण लहान. मोठ्यांना पत्र लिहिलं तरच ते लहान होऊन उत्तर देतात.

त्या पत्रात काय मागायचं, याचा एक मसुदा मी केला आहे. मागचं गेट रात्री दहाला बंद करा. विद्यार्थ्यांना आत पार्किंग फुकट द्या, म्हणजे गल्ली मोकळी होईल. वसतिगृहात एकूण किती जागा आहेत आणि दरवर्षी किती मुलांना प्रवेश देता, हे दोन आकडे आम्हाला सांगा, आणि पुढे जागा वाढवाल तेव्हा खाटाही वाढवा. रात्री अकरानंतर काही झालं तर उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. नंबर माणसाचा हवा, ‘एक दाबा, दोन दाबा’वाला नको. आणि बॉस्टनचं निम्म्याचं कलम आठवून पुढचं मागितलं आहे. तुमचं ग्रंथालय आमच्या दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेच्या दोन महिन्यांत बसायला उघडं करा, आणि मैदान पहाटे ज्येष्ठांना फिरायला द्या. पुण्यात एवढी मोठी मोकळी जागा आता उरली आहे कुठे? बहुतेक ती शिक्षण संस्थांच्याच कुंपणात आहे.

या पत्रावर विद्यार्थी भाडेकरूंच्याही सह्या घ्याव्यात, असं माझं म्हणणं आहे. वसतिगृह त्यांनाही हवं आहे, पार्किंगचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. कमिटीतल्या दोघांना हे पटलेलं नाही. ‘भाडेकरूची सही कशाला?’ असं त्यांचं म्हणणं. त्यावर आपण सभेत वाद घालू.

नववा विषय मागे घ्यावा असं मी कमिटीला लेखी कळवलं आहे. तो मागे घेतला नाही, तर मी विरोधात मत देईन, आणि माझ्या डोक्यावरच्या पाच मुलांना रात्री अडीचला वर जाऊन ओरडणंही चालूच ठेवीन. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

मसुद्याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. वाचा, खोडा, सुचवा. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ मी इथेच क्लबहाऊसमध्ये बसणार आहे, ज्यांना सही करायची त्यांनी यावं. बी विंगच्या गच्चीवरची मुलं येणार आहेत, त्यांना मी टाकीच्या झाकणासाठी कुलूप घेऊन यायला सांगितलं आहे. चहा आला आहे असं दिसतंय. थांबते.